एका सुताची फळी आणि चुलीत जाणारं संत्र्याचं लाकूड



आज पिकाचं नाही, लाकडाचं लिहितो. पण शेवटी विषय आपल्या वावरातच येणार आहे, म्हणून थोडा वेळ काढून पूर्ण वाचा.

कोणत्याही जुन्या सुताराला फळी मागा. तो लांबी फुटात विचारेल, रुंदी इंचात विचारेल आणि जाडी विचारेल सुतात. एका इंचाचे आठ सूत. म्हणजे एक सूत साधारण ३ मिलिमीटर, दोन सूत ६, चार सूत १२ आणि सहा सूत म्हणजे पाऊण इंच, १९ मिलिमीटर. आमच्या गावच्या म्हाताऱ्या सुताराला मिलिमीटर कधी कळला नाही, पण बोट फिरवून "ही पाच सुताची आहे, सहाची नाही" हे तो सांगायचा आणि पट्टी लावली की तेच निघायचं.

हे आत्ता आठवायचं कारण माझा पुतण्या. त्यानं स्क्रोल सॉ नावाचं मशीन घेतलं आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शिलाई मशीनसारखं टेबलावर ठेवायचं यंत्र आहे. सुई वरखाली होते तसं त्यात दोऱ्याएवढं बारीक करवतीचं पातं वरखाली होतं. लाकूड हातानं फिरवायचं, पातं जागेवरच राहतं. भोक पाडून त्यातून पातं ओवलं तर मधली नक्षी कापता येते. देव्हाऱ्याची जाळी, नावाच्या पाट्या, गणपतीची मखरं, लेकरांची कोडी असं सगळं त्यावर होतं. २०१८ मध्ये आपल्या राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून लाकडी मखराला पुन्हा विचारणा आहे.

या कामात लाकूड विकत घेताना पहिला प्रश्न जातीचा नसतो, जाडीचा असतो. टांगायच्या नक्षीला एक सूत, जाळीला आणि अक्षरांना दोन सूत, कोनाड्याच्या कंसाला चार सूत, उभ्या राहणाऱ्या हत्तीघोड्याला सहा सूत नाहीतर पूर्ण इंच. पुतण्या एक आणि दोन सुताच्या सागाच्या फळ्या बाहेरून मागवतो. त्या फळीचा भाव आणि आपल्या धुऱ्यावरच्या उभ्या सागाचा भाव शेजारी शेजारी मांडला, तेव्हा मला प्रश्न पडला की मधला पैसा जातो कुठं? हिवाळ्यात तुरीच्या राखणीला बसलो असताना मोबाईलवर आणि दोन-तीन जुन्या पुस्तकांत वाचत गेलो. जे सापडलं ते लिहितो.

जाडी झाडात नसते

झाडाला लांबी असते, घेर असतो. फळीची जाडी माणूस ठरवतो. आणि इतिहासात सुरुवातीचा मोठा गिऱ्हाईक पातळ फळीचा नव्हताच, तो जाड लाकडाचा होता. जहाजं बांधणारा.

आपल्या मराठी मुलुखात याची जुनी नोंद आहे ती रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात. हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीचं. आरमारासाठी सागासारखं लाकूड राज्यातल्या जंगलातून परवानगीनं घ्यावं, पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं लेकरासारखी वाढवलेली असतात, असा त्याचा अर्थ. एखादं झाड अगदी जीर्ण झालं असेल तर मालकाला राजी करून, मोबदला देऊन मग तोडावं. लाकूड कसं विकत घ्यावं याचा इतका स्पष्ट नियम तीनशे वर्षांपूर्वी आपल्याकडे लिहिलेला होता. त्यात मोजमापाच्या आधी मालकाचं समाधान धरलेलं आहे.

नंतर मुंबईची गोदी आली. १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्यानं पुढं दीडशेच्या आसपास वर्षं जहाजं बांधली. मलबारच्या सागाची. त्यातलं त्रिंकोमाली नावाचं लढाऊ जहाज १८१७ मध्ये मुंबईत पाण्यात उतरलं, ते इंग्लंडमध्ये हार्टलपूल गावी आजही तरंगत उभं आहे. दोनशे वर्षं झाली. त्यात सागाचा गुण आहे आणि जाडीचाही.

योगायोग असा की त्याच १७३६ मध्ये इंग्लंडात एडवर्ड हॉपस नावाच्या माणसानं लाकूड मोजायची कोष्टकं छापली. ती रीत आज आपल्या गळ्यात आहे, म्हणून नीट समजून घ्या.

ओंडक्याच्या मध्यावर दोरीनं घेर घ्यायचा. त्याचे चार भाग करायचे. एका भागाचा वर्ग करून लांबीनं गुणायचं. झालं घनफूट. उदाहरण घ्या. घेर ४ फूट, लांबी १० फूट. चौथा भाग १ फूट. १ गुणिले १ गुणिले १०, म्हणजे १० घनफूट. हिशोब सोपा, कुणालाही तोंडी येतो. पण दहावीच्या भूमितीनं तोच ओंडका मोजा. गोल लाकूड आहे, तर खरं माप येतं १२.७३ घनफूट. म्हणजे हॉपसच्या मापात ७८.५ टक्केच लाकूड धरलं जातं. उरलेलं साडेएकवीस टक्के कुठं गेलं? ते साल, कडेचे फाळके आणि चौकोन करताना होणारा भुसा म्हणून आधीच वजा केलं.

जहाजाची तुळई काढायची असेल तेव्हा ही वजावट रास्त होती. गोल ओंडका चौकोनी केला की कडेचा माल जहाजवाल्याच्या कामाचा नव्हता. पण ज्याला हातभर लांबीची, चार बोटं रुंदीची, एक सुताची फळी पाहिजे त्याच्यासाठी कडेचा फाळका म्हणजे मालच आहे! तो वजावटीत फुकट गेला. इंग्रजांबरोबर ही रीत इकडं आली आणि पुष्कळ ठिकाणी अजून चालते. व्यापाऱ्यानं फसवलं असं मी म्हणत नाही. माप जुन्या कामासाठी केलेलं आहे आणि काम बदललं, एवढंच.

पातळ फळीची सुरुवात

आता दुसरं टोक. फ्रान्समध्ये चौदाव्या लुई राजाच्या पदरी आंद्रे-शार्ल बूल नावाचा कारागीर होता. १६७२ पासून राजाच्या कामावर. त्यानं कपाटं आणि मेजं मढवायची एक युक्ती फार वर नेली. पितळेचा पातळ पत्रा आणि कासवाच्या पाठीचा पातळ पत्रा एकावर एक ठेवायचे, वर नक्षीचा कागद चिकटवायचा आणि दोन्ही एकदम बारीक करवतीनं कापायचे. मग पितळेची फुलं कासवाच्या पत्र्यात बसतात आणि कासवाची फुलं पितळेच्या पत्र्यात. एका कापणीत दोन नक्ष्या, एक दुसरीच्या उलट रंगाची. पुतण्या एक सुताच्या चार फळ्या चिकटपट्टीनं बांधून एकदम कापतो, ती हीच युक्ती. साडेतीनशे वर्षांची.

आपल्या मुंबई-सुरतेलाही पातळ लाकडाचं मोठं काम होतं, सादेली नावाचं. हस्तिदंत, आबनूस, शिंग आणि कथील यांच्या बारीक काड्या एकत्र बांधून चिकटवायच्या आणि मग मुळ्याच्या चकत्या करतो तशा आडव्या पातळ चकत्या काढायच्या. प्रत्येक चकतीवर तीच चांदणी. त्या चकत्या पेट्यांवर बसवायच्या. साहेब लोक त्यांना बॉम्बे बॉक्स म्हणायचे आणि १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात त्या मांडल्या होत्या.

तोपर्यंत पातळ फळी काढणं म्हणजे हाडं मोडायचं काम होतं. एक माणूस ओंडक्यावर, एक खाली खड्ड्यात, मध्ये लांब करवत. खालच्याच्या डोळ्यात दिवसभर भुसा. इंचाची फळी सरळ काढणं हेच कसब, तिथं सुताची कोण काढणार? १८०६ मध्ये लंडनमध्ये मार्क ब्रुनेल यानं पातळ पत्रे कापायच्या गोल करवतीच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि बॅटरसी इथं गिरणी चालवली. पातळ लाकूड यंत्रानं निघायला लागलं की ते राजाच्या कपाटावरून खाली साध्या माणसाच्या घरात यायला वेळ लागत नाही.

सोरेंटो: संत्र्याच्या गावची गोष्ट

मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते इटलीतल्या सोरेंटो गावानं. नेपल्सजवळ समुद्राच्या कड्यावरचं गाव. पीक काय, तर लिंबू, संत्री, ऑलिव्ह आणि अक्रोड. म्हणजे आपल्या वरुड-मोर्शी-अचलपूरच्या बागाईतदारानं तिथं जावं तर झाडं बघून त्याला परकं वाटू नये.

एकोणिसाव्या शतकात युरोपातले पैसेवाले लोक तिकडं फिरायला यायचे. त्यांना घरी न्यायला काहीतरी पाहिजे असायचं. सोरेंटोच्या कारागिरांनी काय केलं? बाहेरून महाग लाकूड आणून त्यावरच सगळा धंदा उभा केला नाही. दारातल्याच झाडांचं लाकूड कामात घेतलं. ऑलिव्हचं नागमोडी रेषांचं, अक्रोडाचं गडद, संत्र्याचं आणि लिंबाचं फिकट पिवळं. त्याचे पातळ पत्रे करून, बारीक करवतीनं आकार कापून, एकात एक बसवून डबे, मेजं, चित्रं केली. लुईजी गार्जुलो, मिकेले ग्रँडव्हिल ही त्या काळातल्या कारखानदार कारागिरांची नावं. त्या गावात आज या कलेचं स्वतंत्र संग्रहालय आहे.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. संत्र्याचं झाड केवढं? बुंधा आखूड, फांद्या लगेच फुटलेल्या, घेर कमी. त्याची दारं-खिडक्या होत नाहीत. हॉपसच्या मापात त्याला कुणी मोजणारही नाही. पण पातळ आणि आखूड तुकड्याचं काम असेल तर तेच लाकूड उजवं. रंग उजळ, कण बारीक, अंगानं कठीण, त्यामुळं बारीक कापाला कडा तुटत नाहीत. सोरेंटोच्या लोकांनी लाकूड बदललं नाही, जाडी बदलली. म्हणून जळणाची झाली असती ती वस्तू पेटी होऊन पाहुण्याच्या सामानात बसली.

साडेतीन डॉलरची करवत

१८७० नंतर ही हौस अमेरिकेत गेली आणि तिकडं तिचं वेडच झालं. तिथं या जाळीकामाला सोरेंटोचंच नाव लावून सोरेंटो वर्क म्हणायचे. इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डची डब्ल्यू. एफ. अँड जॉन बार्न्स कंपनी पायानं चालवायच्या करवती बनवायची, सायकलसारखं पायडल मारायचं. मिलर्स फॉल्स कंपनीची रॉजर्स नावाची करवत साडेतीन डॉलरला मिळायची. पोरं, बायका, म्हातारे घरात बसून कप्पे, घड्याळाच्या चौकटी, चित्रांच्या चौकटी कापायला लागले. काहींनी कापून विकलंही.

आता करवत घरोघरी गेली, पण लाकूड? वखारीत इंच-दीड इंचाची फळी. हौशी माणसाला पाहिजे एक सूत, दीड सूत, दोन सूत, तेही दोन्ही बाजूंनी रंधलेलं. सुरुवातीला लोकांनी तोडगा काढला सिगारच्या रिकाम्या पेट्यांचा. त्या पेट्या सीडार लाकडाच्या पातळ फळ्यांच्या असायच्या, दुकानदार रिकामी पेटी स्वस्तात नाहीतर फुकट द्यायचा. म्हणजे या छंदाचं पहिलं लाकूड हे दुसऱ्या धंद्याचं टाकाऊ होतं.

पण व्यापारी डोळे मिटून बसत नाही. करवती विकणाऱ्यांनीच पातळ लाकूड विकायला सुरुवात केली. अक्रोड, मेपल, होली, महोगनी, रोझवूड अशा जातींच्या फळ्या, जाडी लिहून, चौरस फुटाच्या भावानं. इंग्लंडात नॉरफोकमधल्या डेरेहम गावची हॉबीज कंपनी तर १८९५ पासून एक साप्ताहिक काढायची. त्यात नक्षीचा नमुना द्यायचा आणि त्या नमुन्याला लागणारं लाकूडही आपणच विकायचं. नमुना, करवत, पातं, फळी, सगळं एका दुकानात.

भाव बघा कसा फिरला. घनफुटाचा धंदा चौरस फुटाचा झाला. झाड वाढवणारा घनफुटात विकतो, फळी घेणारा चौरस फुटात घेतो. मध्ये ज्याच्याकडं करवत आणि रंधा, त्याच्या हातात दोन्ही मापं.

नावाची जाडी आणि हाताची जाडी

पुढं भांडणं व्हायला लागली. एका वखारीची इंचाची फळी दुसऱ्या वखारीत पाऊण इंच भरायची. म्हणून १८९८ मध्ये शिकागोत लाकूडवाल्यांनी नॅशनल हार्डवूड लंबर असोसिएशन स्थापन केली आणि प्रतवारीचे नियम एक केले. तिकडं जाडी पाव इंचात बोलतात. ४/४ म्हणजे एक इंच, ५/४ म्हणजे सवा, ६/४ म्हणजे दीड, ८/४ म्हणजे दोन. आपण सूत म्हणतो, ते चौथा हिस्सा म्हणतात, एवढाच फरक.

पण यात एक मेख आहे. ही जाडी कच्च्या, न रंधलेल्या फळीची. रंधून हातात येते तेव्हा इंचाची फळी १३/१६ इंच, म्हणजे साडेसहा सूत उरते, आणि दुकानात तर सहा सूतच भरते. दुसरी मेख मोजणीची. त्यांचं माप बोर्ड फूट, म्हणजे एक फूट लांब, एक फूट रुंद, एक इंच जाड. इंचापेक्षा पातळ फळी असली तरी हिशोबात सहसा इंचच धरतात. म्हणजे दोन सुताची फळी घ्या की आठ सुताची, लाकडाचे पैसे इंचाचेच, वर रंध्याची मजुरी वेगळी.

ही लबाडी वाटते, पण पुरती लबाडी नाही. हिशोब करून पाहा. इंचाची फळी म्हणजे आठ सूत. गोल पात्याच्या आऱ्यानं ती उभी चिरली तर प्रत्येक चिरेत जवळपास एक सूत लाकूड भुसा होतं. एक सुताच्या चार फळ्या काढल्या तर मध्ये तीन चिरा. चार अधिक तीन, सात सूत. उरलेला एक सूत रंध्यात. म्हणजे आठ सुतांतून हातात चार. अर्धं लाकूड भुसा! बारीक बँडसॉनं चिरलं, जिथं चीर मिलिमीटरभर जाते, तर पाच फळ्या निघून रंध्यालाही जागा राहते. म्हणून पातळ लाकूड महाग असतं ते लाकडामुळं कमी आणि भुश्यामुळं जास्त.

आपल्याकडं काय झालं

आपल्याकडं १९५६ च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली. पण लाकडानं ती अर्धीच मानली. आजही प्लायवूडच्या दुकानात गेलात तर म्हणाल, "आठ बाय चारची बारा एमएम द्या." लांबी-रुंदी इंग्रजांची आणि जाडी सरकारची. सागाच्या वखारीत घनफूट आणि सूत तसेच आहेत.

प्लायवूड आलं आणि पातळ अस्सल लाकडाची सवय मोडली. प्लाय सपाट राहतं, वाकत नाही, कारण त्याचे थर आडवे-उभे चिकटवलेले असतात. पुतण्याही शिकायला प्लायच वापरायचा. पण त्याची कड रंधली तरी थर दिसतात, आणि बारीक नक्षीत थर उचकटतात. ज्याला घरात पिढीभर टिकणारी वस्तू पाहिजे तो लाकूडच मागतो.

मग आपणच का चिरू नये? इथं नियम येतात. आपल्या राज्यात झाडं तोडण्याचा कायदा १९६४ चा. सागाला तोडीची परवानगी लागते, सातबाऱ्यावर झाडाची नोंद पाहतात, माल हलवायला पास लागतो. आरामशीनला परवाना लागतो, आणि १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्यावर देशभर कडक नजर आहे. जंगल वाचावं म्हणून हे झालं, ते योग्यच. पण त्याचा परिणाम असा की शेतकऱ्याला आपलं लाकूड आपल्या दारात चिरता येत नाही. तो उभं झाड सौद्यानं देऊन मोकळा होतो. घेर किती, हे तो सांगू शकतो. त्यातून किती सुताच्या किती फळ्या निघतील, हे त्याला कुणी सांगत नाही.

घेणाऱ्यानं काय बघावं

पुतण्यासोबत दोन-चार वखारी हिंडलो, त्यातून जे कळलं ते सांगतो.

जाडी चारही कोपऱ्यांवर मोजा. नुसती एका टोकाला मोजू नका. रंधलेली की कच्ची, हे आधी विचारा. दोन सुताची रंधलेली पाहिजे असेल तर कच्ची तीन सुताची तरी लागते.

फळी डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून पाहा. पातळ फळी वाकलेली असेल तर रंधून सरळ करायला तिच्यात अंगच नसतं.

टोकाच्या रेषा पाहा. वर्षाच्या रेषा फळीच्या जाडीत उभ्या असतील तर ती फळी सपाट राहते. आडव्या, धनुष्यासारख्या असतील तर ती पन्हळीसारखी वळते. एक सुताच्या फळीत याचा फार फरक पडतो.

ओलं लाकूड घेऊ नका. हवेवर वाळवायला इंचाला एक वर्ष असा ठोकताळा आहे. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, सावलीत, वर वजन ठेवून वाळवायच्या. पातळ फळी लवकर वाळते, पण वजन नसेल तर लवकर वाकतेही.

आणि हार्डवूड या नावाला भुलू नका. त्याचा अर्थ कठीण लाकूड असा नाही, रुंद पानाच्या झाडाचं लाकूड असा आहे. बाल्सा हे कापसासारखं हलकं लाकूडही हार्डवूडमध्येच मोडतं. आपल्या वावरातली साग, बाभूळ, आंबा, जांभूळ, चिंच, कडुलिंब, बोर, सगळी हार्डवूडच.

आता संत्र्याचं

आमच्या पट्ट्यात डिंक्यानं बागा बसतात. एकेक झाड पिवळं पडतं, पानं गळतात, दोन हंगामांत वाळून जातं. बारा-पंधरा वर्षं लेकरासारखं सांभाळलेलं झाड. त्याचं शेवटी काय होतं, हे प्रत्येक बागाईतदाराला माहीत आहे. बुंधा कापायचा, ट्रॉलीत टाकायचा, घरी चुलीला नाहीतर हॉटेलच्या भट्टीला. पऱ्हाटीच्या शेजारी रचून ठेवायचा. चाळीस वर्षं मी हेच पाहत आलो.

सोरेंटोचं वाचल्यावर पुतण्याला म्हटलं, एक वाळकं झाड घे आणि कापून बघ. आरामशीनवाला एवढ्या बारक्या खोडाला हात लावत नाही. गावच्या सुताराकडं छोटा बँडसॉ आहे, त्यावर फूटफूट लांबीचे तुकडे केले. आपलं झाड जंबेरीच्या खुंटावर बांधलेलं, त्यामुळं कलमाच्या सांध्याखालचं लाकूड वेगळं आणि वरचं वेगळं, ते सांध्यावर कापून अलग ठेवलं. सोरेंटोची जात वेगळी आणि आपला नागपुरी संत्रा वेगळा, हेही खरं. पहिल्या तुकड्यांना टोकांकडून तडे गेले. मग टोकांना मेण लावून, वर दगड ठेवून वाळवले, ते चांगले राहिले. दोन सुताच्या, तळहाताएवढ्या रुंद फळ्या निघाल्या. लोण्यासारखा पिवळसर रंग. त्यानं सागाच्या तांबूस फळीत त्या लाकडाची अक्षरं बसवली. गावातल्या एका मास्तरांनी ती पाटी पाहून विचारलं, हे कोणतं विदेशी लाकूड आहे?

लगेच यातून सोनं निघेल असं मी म्हणणार नाही. एका बागेची झाडं म्हणजे कारखाना नव्हे. पण रोग पडलेल्या बागेत ज्या बुंध्याला फक्त जळणाचा भाव आहे, त्यातला सरळ, निरोगी हातभर भाग बाजूला काढून ठेवायला खर्च काहीच नाही. तसंच सागाची विरळणी करताना निघणारे बारीक दांडे आणि ओंडक्याचे कडेचे फाळके. सौदा करताना एवढंच बोलून ठेवा की फाळके माझे, त्याची चिराई मी देईन. जहाजवाल्याच्या हिशोबात जे वजा होत होतं ते नक्षीवाल्याच्या हिशोबात जमा होतं. तोडीची परवानगी आणि पास मात्र चोख ठेवा, त्यात हयगय नको.

या उन्हाळ्यात बागेतली सहा वाळलेली झाडं काढायची आहेत. बुंधे मोजून, टोकांना मेण लावून कोठ्यात रचणार आहे आणि पुढच्या वर्षी किती फळ्या धड राहिल्या, किती वाकल्या, किती फुटल्या, सगळं इथंच आकड्यांसकट लिहीन.

तुमच्या भागात सुताला काय म्हणतात? पातळ फळी चिरून देणारा सुतार किंवा मशीनवाला जवळपास आहे का? आणि आंबा, बोर, चिंच यांची पातळ फळी कुणी करून पाहिली असेल तर कशी राहिली, तेही सांगा. संत्रावाल्या भावांनी तर जरूर सांगा.